नाताळच्या सात पिशव्या

कोटाची पिशवी रिकामी होती!

शरच्चंद्र सबनीसांनी ती उलटी केली, झटकली, बोटं घालून तळ चाचपला... आत त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी तेवढी होती, 'कोट, रुपये नऊ'. बाहेर ओसरीवर शिंपी गळ्यात मापाची पट्टी टाकून कापडाच्या पैशांसाठी खोळंबला होता, आणि मधल्या खोलीच्या दारात निरुपमा पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. हा दिवस कधीतरी उजाडणार हे तिला ठाऊक होतं. दहा नाताळ सुखरूप पार पडले हीच देवाची कृपा, असं ती मनाशी म्हणत होती.

फत्तेगंजातल्या त्या चार खोल्यांच्या घरात नाताळची सुरुवात जून महिन्यातच होत असे. शरच्चंद्र सरकारी हिशेबी कचेरीत हेडक्लार्क. जूनच्या पगारापासून दरमहा सात रुपये ते बाजूला काढत आणि मांजरपाटाच्या सात पिशव्यांत आपल्या हातानं वाटून ठेवत. एक फराळाची, एक देवळातल्या अर्पणाची, एक गोरगरिबांची, एक पाहुण्यांच्या जेवणाची, एक मुलीच्या, नीराच्या कपड्यांची, एक त्यांच्या स्वतःच्या कपड्यांची आणि सातवी निरुपमेच्या साडीची. पिशव्या लोखंडी पेटीत, आणि पेटीची किल्ली निरुपमेच्या कमरेच्या जुडग्यात. कचेरीत हा माणूस सख्ख्या भावाच्या पावतीवरही दोनदा नजर फिरवील, पण घरातल्या जुडग्यावर त्यानं कधी संशय घेतला नव्हता. लढाई सुरू झाल्यापासून साखर काय, रॉकेल काय, सगळ्याच वस्तूंचे भाव आकाशाला भिडले होते, तरी त्या सात पिशव्यांवर त्यांचा मोठा अभिमान! यंदा नाताळच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याचा मान त्यांना मिळाला होता, आणि जुन्या कोटाची कोपरं विरली होती, म्हणून कोटाला नऊ रुपये.

"निरुपमा, नऊ रुपये कुठं आहेत?"

"खर्च झाले."

"कशावर?"

शरच्चंद्रांनी शिंप्याला उद्या यायला सांगितलं, दार लावलं आणि सातवी पिशवी उघडली. तीही रिकामी!

"साडी आणलीस का?"

"नाही."

"आणि गेल्या वर्षीची? त्याच्या आदल्या वर्षीची?" ते दोन पावलं पुढं आले आणि लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर प्रथमच त्यांनी बायकोच्या अंगावरच्या साडीकडे निरखून पाहिलं. रंग यंदा डाळिंबी होता, पण काठ... काठ तोच, गेल्या नाताळातल्या हिरव्या साडीचा, त्याआधीच्या जांभळ्या साडीचा! जरीची एक तार जिथं तुटली होती, तिथं ती तशीच तुटलेली होती.

"बाबा, आई दरवर्षी रंगाऱ्याकडून तीच साडी..." पंधरा वर्षांची नीरा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"म्हणजे वर्षानुवर्षं मी तुला साडीचे पैसे देतोय आणि तू मला रंग दाखवतेयस!" शरच्चंद्रांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तोच निरुपमेला असह्य झाला. "अगं, मागितले असतेस तर दुप्पट दिले असते मी! पण चोरी? माझ्या घरात... आणि तीही प्रभूच्या सणाच्या पैशांची? कुणाला देतेस? माहेरी पाठवतेस?"

माहेर! नवऱ्यामागून तिनं बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून माहेरचं कुत्रंही तिच्या दारात आलं नव्हतं. हे त्यांना माहीत असूनही त्यांनी विचारलं, आणि तिनं मान खाली घातली.

"आपण म्हणाल तसं."

"तसं असेल तर किल्ल्या काढ."

निरुपमेनं चमकून वर पाहिलं. मग तिनं कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. शरच्चंद्रांनी तो उचलून नीराच्या हातात दिला.

"आजपासून घरखर्च तू बघायचास. पेटीतला पैसा आणि कोठीतला दाणा, माझ्या डोळ्यांदेखत मोजल्याशिवाय बाहेर जाता कामा नये."

"बाबा, नको ना... मला नको हे!" नीरा हुंदके देऊ लागली. पण ते आत निघून गेले होते. निरुपमेनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिची मूठ जुडग्यावर मिटवली आणि ती पोळ्या लाटायला गेली. संध्याकाळचा स्वयंपाक तिचाच होता ना!

बोलून टाकलं असतं तर? एकाच वाक्यानं तिची सुटका झाली असती. पण ते वाक्य ज्या काळजात जाऊन रुतलं असतं, ते काळीज तिला स्वतःच्या अब्रूपेक्षा प्रिय होतं!

अकरा वर्षांपूर्वी मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला शरच्चंद्र दांडिया बाजारातलं आपलं घर सोडून निघाले. त्या वर्षी त्याच दिवशी नाताळ होता, आणि त्याच दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आठवड्यानं आपली पुस्तकं आणायला ते परत गेले तेव्हा घरापुढं भाऊबंद जमले होते. मेलेल्या मुलाच्या नावानं फोडतात तसं मडकं फोडलं जात होतं, आणि उंबऱ्यात त्यांची आई, अहल्याबाई, डोळे मिटून उभी होती. ते गल्लीच्या तोंडाशीच थबकले. मडकं फुटल्याचा आवाज त्यांनी आपल्या कानांनी ऐकला... आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "या घरात तिचं नाव पुन्हा निघायचं नाही." त्या रात्री निरुपमेनं नवऱ्याला पहिल्यांदा आणि शेवटचं रडताना पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी चतुर्दशीच्या दोन दिवस आधी मागच्या दाराची कडी वाजली. दारात भास्करराव होते, शरच्चंद्रांच्या कैलासवासी वडिलांचे जिवलग मित्र. म्हातारबुवा इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, "सूनबाई, अहल्यावहिनींनी पाठवलंय. चतुर्दशीला शरदच्या नावानं शिधा लागतो. तो त्याच्याच घरचा हवा म्हणतात. शिजवलेलं चालायचं नाही, कोरडा दे. अन् शरदच्या कानावर गेलं तर त्यांच्या गळ्याची शपथ आहे तुला!"

शरदच्या नावानं! म्हणजे माउली जिवंत मुलाचं श्राद्ध घालते... आणि त्याला त्याच्याच घरचा दाणा मागते! तरीही निरुपमेनं नाही म्हटलं नाही. एका आईच्या जिवाला तेवढ्यानं शांती मिळत असेल तर मिळू दे. माझा नवरा सुखरूप आहे, नुसत्या शिध्यानं तो थोडाच मरतो? असं स्वतःला समजावत तिनं साडीची पिशवी सोडली. तांदूळ, तूप, हरभऱ्याची डाळ, गूळ, वर जायफळ. ही यादी सासूबाईंचीच. आपल्याकडे श्राद्धाला खीर-वडे असतात, पुरण कशाला, हा प्रश्न तिला एकदा पडला होता खरा, पण उतारवयात माणसाच्या रीती बदलतात म्हणून तिनं तो मनावेगळा केला.

यंदा दिवाळीनंतर अहल्याबाईंना ताप धरला. नवऱ्यामागं मिळणारी तुटपुंजी नेमणुकीची रक्कम भाड्यालाही पुरायची नाही, तिथं डॉक्टर कुठला! साडीच्या पैशांत औषध बसेना, रजई बसेना, तेव्हा निरुपमेनं रडत रडत कोटाच्या पिशवीत हात घातला होता.

आणि यंदा चतुर्दशी नाताळच्या दोनच दिवस आधी आली!

त्या सकाळी मागच्या दारी कडी वाजली आणि निरुपमेची नजर कोठीकडे गेली. कोठीला कुलूप, आणि किल्ल्या नीराकडे. तिनं पोरीला माजघरात गाठून हात जोडले.

"नीरा, दोन शेर तांदूळ आणि डाळगूळ दे गं. विचारू नकोस कशाला."

"आई, अगं हात काय जोडतेस! या घे किल्ल्या!" नीरानं रडतच कोठी उघडली. पण तिला कुलपाची सवय नव्हती. दार करकरलं, माप खणखणलं, आणि नाताळच्या रजेवर घरी असलेले शरच्चंद्र वाचनातून उठून थेट मागच्या पडवीत आले.

पायरीवर भास्करराव रिकामी झोळी घेऊन उभे!

"काका? तुम्ही... इथं?" अकरा वर्षांनी ते एकमेकांना पाहत होते. शरच्चंद्रांची नजर झोळीवरून मापावर, मापावरून बायकोच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर गेली. "दाणा कुणासाठी?"

भास्कररावांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. "तुझ्या आईसाठी, शरद. आज चतुर्दशी ना... तुझ्या नावाचा शिधा."

शरच्चंद्र हसले, आणि ते हसू ऐकून नीरानं कानांवर हात ठेवले.

"वा! माझ्या नाताळच्या पैशांतून माझंच श्राद्ध! आणि माझी पत्नी त्याची पुरवठादार! किती वर्षं, निरुपमा?"

"यंदाचं अकरावं." आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती सावरून बोलू लागली. "आपण मला चोर म्हणालात, ते मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. हे ऐकून आपल्या जिवाला जे होईल, ते मला बघवणार नव्हतं... म्हणून गप्प राहिले. त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. यंदा त्या तापानं पडल्या, म्हणून कोटाचे नऊ रुपयेही औषधाला गेले. आणि त्या आई आहेत हो! त्यांचं मन ज्यात निवतं, ते मी कशी नाकारू?"

"बांधा तो शिधा!" शरच्चंद्र कडाडले. "आज मी स्वतः घेऊन जातो. ज्याचं श्राद्ध घालते तो दारात उभा आहे, हे बघू दे तिला एकदा!"

तांग्यात नीरा जुडगा मुठीत धरून आईला चिकटून बसली होती, भास्करराव पुढं. "साहेब, दांडिया बजार आवी गयुं," असं तांगेवाला दोनदा म्हणाला तेव्हा कुठं शरच्चंद्र भानावर आले. ऊन डोक्यावर आलं होतं. गल्ली तीच होती, फक्त आईचं बिऱ्हाड आता मागच्या बाजूच्या एका खोलीत होतं.

दार आतून बंद होतं. "आज त्या कुणाला आत घेत नाहीत," भास्करराव पुटपुटले. "मीही शिधा उंबऱ्यावर ठेवतो अन् परततो. आत काय चालतं, ते मला ठाऊक नाही."

शरच्चंद्रांनी थाप मारली. बऱ्याच वेळानं कडी निघाली. काठीच्या आधारानं, अंगाभोवती नवी रजई गुंडाळून, वाळून कोळ झालेली एक म्हातारी दारात उभी राहिली. तिनं समोर पाहिलं... आणि तिच्या हातातली काठी गळून पडली.

शरच्चंद्र बोलायला आले होते. अकरा वर्षं घोकलेलं एकेक वाक्य ओठांशी होतं. पण त्यांची दृष्टी आईच्या खांद्यावरून आत गेली आणि तिथंच खिळली.

खोलीच्या मधोमध पाट मांडला होता. पुढं केळीचं पान, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या, बाजूला तबकात तेवतं निरांजन, कुंकू, अक्षता. आणि पाटाभोवती, पानाभोवती, कापऱ्या हातांनी काढलेली, मधूनच तुटलेली, पण भरगच्च अशी रांगोळी!

मेलेल्या माणसाच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत. मेलेल्या माणसाला कुणी ओवाळत नाही!

"आई..." शरच्चंद्रांनी पाटाकडे बोट केलं. "ही रांगोळी... कुणासाठी?"

"तुझ्यासाठी रे!" अहल्याबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. "त्या दिवशी तू पानावर बसलास, दोन घास खाल्लेस अन् म्हणालास, आई, मी आज किरिस्ताव होणार. आणि मी... मी मेलीनं तुला भरल्या पानावरून उठवलं! ऊठ म्हटलं! पोटचा पोर उपाशी गेला माझ्या दारातून. मडकं भाऊबंदांनी फोडलं, त्याचं ओझं मी देवापुढं घेऊन जाईन... पण पानावरून मी उठवलं, मी! दरवर्षी या तिथीला तुझं पान मांडते. माझं अन्न तू टाकून गेलास, म्हणून दाणा तुझ्या घरचा मागवते. पुरण करते, ओवाळते, दुपार कलेपर्यंत बसून राहते, अन् मग पान गाईला घालते. तुला कळवायचं कुठल्या तोंडानं?"

पाट सरकल्याचा आवाज निरुपमेनं अकरा वर्षांपूर्वी त्या सकाळी स्वयंपाकघरातून ऐकला होता. त्याचा अर्थ तिला आज कळला. आणि शरच्चंद्र? मडक्याच्या आवाजात त्यांचं ते पान पार बुडून गेलं होतं. अकरा वर्षं त्यांनी जे धरून ठेवलं ते आईनं विसरू पाहिलं होतं, आणि ते जे विसरले तेच ती उराशी धरून बसली होती. कसलेला हिशेबनीस! पण आईच्या खात्यावर त्यानं आजवर एकाच बाजूची रक्कम वाचली होती.

ते खाली वाकले आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडू लागले.

"ऊठ, राजा, ऊन होतंय. पानावर बस." मग ती ओशाळून म्हणाली, "यंदा पुरण नाही रे! शिधा वेळेवर आला नाही. घरात होते त्या मूठभर तांदळांचा मऊ भात केलाय, मीठ घालून. खाशील?"

शिधा वेळेवर का आला नव्हता, हे तिथं तिघांना ठाऊक होतं. शरच्चंद्रांनी मान वर केली नाही. ते पाटावर बसले, आईनं ओवाळून घेतलं, आणि तो मीठभात ते एकेक घास करून खाऊ लागले. निरुपमा मात्र अजून उंबऱ्याबाहेरच होती.

"सूनबाई, तू परकी का गं? आत ये. जवळ ये अशी." अहल्याबाईंनी तिचा हात धरला, तिच्या विरलेल्या काठावरून बोट फिरवलं, आणि जुन्या बायकांच्या सवयीनं त्यांची नजर सुनेच्या कमरेकडे गेली. "हे काय? कर्तीसवरती गृहिणी तू, आणि कमरेला किल्ल्या नाहीत?"

शरच्चंद्रांचा घास हातातच राहिला.

"गडबडीत घरी विसरले, सासूबाई," निरुपमा शांतपणे म्हणाली.

"खोटं बोलतेय ती, आई!" ते ओरडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "खोटं बोलतेय... माझी लाज झाकतेय, आजसुद्धा! मी काढून घेतल्या. पोटच्या पोरीदेखत तिला चोर म्हटलं. तुझ्या औषधासाठी, तुझ्या या पानासाठी तिनं दहा वर्षं एक साडी नेसली, आणि मी... मी नऊ रुपयांसाठी तिला घरातून उठवलीच की! तू मला पानावरून उठवलंस, आई, पण निदान तुला ते टोचत तरी राहिलं!" मग ते बायकोकडे वळले. "निरुपमा, क्षमा माग म्हणालीस तर मागतो, पण ती पुरायची नाही."

"असं बोलू नये. पानावर बसला आहात," ती एवढंच म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

नीरानं मूठ उघडली. अहल्याबाईंनी तिच्या तळहातावरचा जुडगा उचलला.

"आमच्या घराच्या किल्ल्या तुझ्या हाती द्यायच्या राहून गेल्या होत्या, सूनबाई. त्याआधीच घर फुटलं. आज देते." थरथरणाऱ्या बोटांना गाठ साधेना, दोनदा सुटली, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्यांदा जुडगा निरुपमेच्या कमरेला घट्ट बसला.

नाताळच्या सकाळी शरच्चंद्रांनी देवळात शास्त्रपाठ वाचला तो विरल्या कोपरांच्या जुन्या कोटात. कोपरं निरुपमेनं रफू केली होती. पहिल्या रांगेतल्या दोघीतिघी काही कुजबुजल्या. कुजबुजेनात बापड्या!

घरी येऊन पाहतात तो दारात तांगा, आणि ओसरीच्या पायरीशी भास्कररावांच्या आधारानं बसून, ताप अंगात असताना, अहल्याबाई उंबऱ्यापुढं रांगोळी ओढत होत्या. त्या आत आल्या, नातीला कुरवाळलं, फराळाच्या ताटाकडे कौतुकानं पाहिलं, पण तोंडात काही घातलं नाही. पाणीसुद्धा त्यांनी बरोबर आणलेल्या तांब्यातलंच घेतलं. साऱ्या जन्माची रीत एका चतुर्दशीनं कशी सुटणार? निरुपमेनं आग्रह केला नाही.

"सणाच्या दिवशी आमच्या दारातून उपाशी जायचं नाही, सासूबाई," ती म्हणाली.

"मग शिधा दे. घरी जाऊन करीन. परवाचं पुरण राहिलंय."

निरुपमा उठली. कमरेची किल्ली काढून तिनं कोठी उघडली, तांदूळ, डाळ, गूळ भर ओसरीवर आणून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मापानं भरले, वर जायफळ ठेवलं. आणि दहा वर्षं जी झोळी मागच्या दारानं चोरून गेली, ती आज हेडक्लार्क सबनीसांनी खांद्यावर घेतली, रांगोळी न पुसता पुढच्या दारानं नेली आणि आईच्या पायांशी तांग्यात ठेवली.